सेत्ने : एका पदाचे विशेषनाम

इ. स. पूर्व तेराव्या शतकातील खाएमवासेत हा दुसऱ्या रामसेसचा चौथा पुत्र. तो मेंफिस येथे प्ताह देवाचा पुरोहित व पुढे महापुरोहित झाला. सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडवर राजाचे नाव आढळेना. ते त्याने लेख कोरवून पुन्हा ‘जगविले’. त्यास आद्य पुरातत्त्वज्ञ म्हणण्याची प्रथा आहे, परंतु त्याची प्रेरणा मला जिज्ञासेपेक्षा पूर्वजभक्तीची वाटते.

त्याचे पुरोहितपद ‘सेम’. उत्तरकालीन रूप ‘सेतेम’. सुमारे सहस्र वर्षांनंतरच्या डेमॉटिक कथांत या पदाचेच ‘सेत्ने’ हे विशेषनाम बनले. थडग्यांवरील नावे जपणारा हा पुरोहित तेथे मात्र थडग्यातून थोथ देवाची जादूची पोथी पळवितो आणि अखेर ती मुकाट्याने परत नेऊन ठेवतो.