पुस्तक मिटा आणि अभ्यास करा!

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला, की ज्या घरात दहावीचे मूल आहे तिथे निराळीच काळजी सुरू होते. चिरंजीव टेबलाशी बसलेले असतात. समोर इतिहासाचे पुस्तक. निम्म्याअधिक ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा. आई स्वयंपाकघरातून विचारते, "झाला का रे धडा?" "झाला! तीनदा वाचला." वडील पुस्तक हाती घेऊन एक साधासा प्रश्न टाकतात, आणि चिरंजीव छताकडे पाहू लागतात. "आत्ता तर येत होतं, बाबा!"

यावर आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. पण तो आळशी नाही. खरोखरच दोन तास बसला होता. फसवले ते त्याच्या पद्धतीने.

ओळख वेगळी, आठवण वेगळी

रोज एकाच लोकलने जाणाऱ्या गृहस्थांचा चेहरा आपल्या चांगल्या परिचयाचा असतो. पण त्यांचे नाव काय, असे कोणी विचारले तर? पुस्तकाचेही तसेच आहे. तिसऱ्यांदा वाचताना ओळ ओळखीची वाटते आणि 'हे मला येते' असा भास होतो. परीक्षेत मात्र चेहरा दाखवत नाहीत, नाव विचारतात!

अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक मोठा बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत उतारा न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणारे पुढे होते : त्यांना शेकडा ८३ भाग आठवला, लिहिणाऱ्यांना ७१. पण आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत पारडे फिरले. वाचणाऱ्यांचे उरले ४०, लिहिणाऱ्यांचे ६१!

आदल्या रात्री 'येणारा' धडा पूर्वपरीक्षेत कुठे जातो, याचे उत्तर इथे आहे.

मग करावे काय?

धडा एकदा नीट समजून वाचावा. पुस्तक मिटावे. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर आठवेल ते लिहावे. मग पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे लाल शाईने भरावेत. हीच उजळणी दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने करावी. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवले, की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि एका दमात केलेल्या घोकंपट्टीपेक्षा अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे दिवाळीत सुरुवात करणाऱ्याला अंतर ठेवायला भरपूर सवड आहे.

गणिताला हाच नियम. सोडवलेले उदाहरण पाहून मान डोलावणे म्हणजे अभ्यास नव्हे. उत्तर झाकावे आणि स्वतः सोडवावे. प्रकरणे झाली, की निरनिराळ्या प्रकरणांतील उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकावी आणि निघेल ती सोडवावी. कारण कुठली रीत लावायची, हे प्रश्नपत्रिका सांगत नाही. बीजगणित आणि भूमिती यांचे पेपर प्रत्येकी ४० गुणांचे, वेळ दोन तास. तेव्हा अधूनमधून घड्याळ लावूनही बसावे.

आणि रात्रीची झोप मोडू नये. दिवसा शिकलेले पक्के होण्याचे काम झोपेतही चालू असते. दोन वाजेपर्यंत जागणारा मुलगा आपल्याच कमाईला भोक पाडतो.

आईबाबांचा वाटा

आपल्याला भूमिती येत नाही, म्हणून पालकांनी संकोचू नये. पुस्तक आपल्या हाती घ्यावे आणि "सांग बरं, काय वाचलंस?" म्हणून शांतपणे ऐकावे. तो अडला तर रागावू नये. अडणे हीच तर उजळणीची जागा! नाहीतर मूल स्वतःला 'ढ' समजू लागते, आणि तो घाव गुणपत्रिकेपेक्षा खोल असतो.

यात नवे ते काय? पूर्वी घरोघरी तिन्हीसांजेला दिवा लागला, की मुले परवचा म्हणत. पुस्तक नाही, पाटी नाही. रोज, तोंडाने, आठवून. म्हणून तर ज्यांनी लहानपणी पावकी-निमकी म्हटली, त्यांना ती म्हातारपणीही बिनचूक येई. त्या परवच्याला अर्थाची जोड तेवढी द्यायची.

तेव्हा आज रात्री "किती वाचलंस?" असे विचारू नका. "काय आठवतं?" असे विचारा.