घसाच तर आहे!

सबमिशनचा आठवडा, रात्रीची जागरणं, कॅन्टीनचा कटिंग आणि एका सकाळी उठल्यावर गिळताना घशात काटे. मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आईचं हळद-दूध, नाहीतर मेडिकलवाल्याकडून आणलेल्या दोन गोळ्या. ‘घसाच तर आहे’ म्हणत तुम्ही पुन्हा जर्नल पूर्ण करायला बसता. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. घसादुखी बहुतांशी व्हायरसमुळे होते आणि आपली आपण बरी होते.

पण कधीकधी घशात बसलेला असतो एक बॅक्टेरिया, स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस. टोपणनाव ‘स्ट्रेप ए’. आणि याचं काम घशावर थांबेलच असं नाही.

दुखणं घशाचं, घाव हृदयावर

आपलं शरीर स्ट्रेप एशी लढायला अँटिबॉडीज तयार करतं. गडबड अशी की, या जंतूचे काही भाग आपल्याच हृदयातल्या प्रथिनांसारखे दिसतात. त्यामुळे काही जणांमध्ये रोगप्रतिकारशक्ती गोंधळते आणि स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात. हा रुमॅटिक ताप. तो पुन्हा पुन्हा आला, की हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5.5 कोटी लोकांना असा हृदयविकार आहे आणि वर्षाला साधारण 3.6 लाख जण त्यात दगावतात. भारत हा सर्वाधिक रुग्ण असलेल्या देशांपैकी एक. आपल्याच वयाची कित्येक मुलं-मुली दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेत कॉलेज करतात, तेही वर्षानुवर्षं.

मग लस का नाही?

आता जरा शाळेचे दिवस आठवा. तेव्हा घसा जास्त धरायचा ना? स्ट्रेप एची घसादुखी मुख्यतः 5 ते 15 या वयात होते, मोठेपणी कमी. म्हणजे शरीर काहीतरी शिकतं! काय शिकतं, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रेबेका लान्सफिल्ड यांनी शोधलं. स्ट्रेपचे ए, बी असे गट पाडणाऱ्या त्याच. जंतूच्या अंगावर केसांसारखं ‘एम प्रोटीन’ असतं आणि त्याविरुद्धच्या अँटिबॉडीज आपल्याला वाचवतात, हे त्यांनी दाखवलं. या अँटिबॉडीज रक्तात कित्येक वर्षं टिकतात, हेही.

मात्र या संरक्षणाला एक अट आहे: ज्या प्रकाराचा संसर्ग झाला, मुख्यतः त्याच प्रकारापासून बचाव. आणि स्ट्रेप एचे प्रकार आहेत 200 च्या वर! एका पेपरची तयारी केली आणि प्रश्न दुसऱ्याच विषयाचे आले, तसं काहीसं.

त्याचाच नातेवाईक न्यूमोकोकस. त्याच्यावर लस आहे, आणि 2020 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘न्यूमोसिल’सुद्धा आली. ती लस जंतूच्या बाहेरच्या साखरेच्या कवचावर नेम धरते. स्ट्रेप ए इथेही बेरकी. त्याचं कवच हायल्युरॉनिक ॲसिडचं, म्हणजे जे आपल्या शरीरातही असतं तेच. आपलाच युनिफॉर्म घालून आलेल्या चोराला वॉचमन ओळखणार कसा?

त्यात एक जुनी जखम आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेत एम प्रोटीनची लस काही मुलांना दिली गेली आणि त्यातल्या काहींना रुमॅटिक ताप आला. 1979 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने अशा लसींवर निर्बंध घातले. ते उठायला 25 हून जास्त वर्षं गेली. संशोधन जवळजवळ थंडावलंच.

उत्तर कुणाच्या रक्तात?

आता गाडी पुन्हा रुळावर येतेय. अमेरिकेत 30 प्रकारांची एम प्रोटीनं एकत्र करून लस बनवण्याचा प्रयत्न झाला. ऑस्ट्रेलियातला एक गट सगळ्या प्रकारांमध्ये सारख्याच असणाऱ्या भागावर काम करतोय. मेलबर्नमध्ये तर 2018-19 मध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या घशाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली मुद्दाम स्ट्रेप ए लावला गेला. बहुतेकांचा घसा सुजला. त्यांना औषध देऊन बरं केलं. काही जणांना मात्र तो आजार झालाच नाही. अशा लोकांच्या शरीराला नेमकं काय जमलं, हे कळलं तर लसीने काय शिकवायचं ते कळेल.

तोपर्यंत आपल्याकडे आहे जुनं, स्वस्त पेनिसिलिन. स्ट्रेप ए अजूनही त्याला दाद देतो. फक्त ते डॉक्टरांनी द्यायला हवं आणि आपण पूर्ण घ्यायला हवं.

एवढं लक्षात ठेवा
- खोकला-सर्दी नाही, पण ताप आहे, घसा खूप दुखतोय, मानेत गाठी आल्यात? डॉक्टरांकडे जा.
- मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. व्हायरसवर ते चालत नाही.
- डॉक्टरांनी कोर्स दिला, तर बरं वाटलं तरी मध्येच सोडू नका.
- घसादुखीनंतर काही आठवड्यांत सांधे सुजले, धाप लागली, तर ‘घसाच तर होता’ म्हणू नका. डॉक्टरांना ती घसादुखी आवर्जून सांगा.
- घरातल्या शाळकरी भावंडांकडे जास्त लक्ष द्या. धोका त्यांना जास्त आहे.