ओपाना येथील पहारा

हवाई बेटे प्रशांत महासागरात, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,८०० किलोमीटर दूर आहेत. त्यांतील ओआहू बेटाच्या उत्तर टोकास ओपाना नावाची टेकडी आहे. १९४१ च्या नोव्हेंबरात तेथे अमेरिकी लष्कराने एक फिरते रडारयंत्र आणून उभे केले.

कड्यासमोर हाक घातली असता ती परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून कड्याचे अंतर काढता येते. रडारचे तत्त्व हेच. मात्र हाक रेडिओलहरींची, आणि त्या सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतात. प्रतिध्वनी सेकंदाच्या हजाराव्या भागात परतला, तर विमान १५० किलोमीटरवर आहे असे समजावे. इतका सूक्ष्म काळ काचेच्या पडद्यावरील प्रकाशरेषेवर मोजला जाई. विमान आपले की परक्याचे, हे मात्र ती रेषा सांगत नसे. तो निर्णय माणसानेच करावयाचा.

७ डिसेंबर १९४१ रोजी, रविवारी, पहाऱ्याची वेळ सकाळी ७ वाजता संपली होती. न्याहारीस नेणारी मोटार आली नव्हती, म्हणून जोसेफ लॉकार्ड व जॉर्ज इलियट हे दोन जवान सरावासाठी यंत्र चालूच ठेवून बसले. ७ वाजून २ मिनिटांनी उत्तरेस सुमारे २१० किलोमीटरवर एवढी मोठी खूण उमटली, की यंत्रच बिघडले असावे असे प्रथम वाटले. त्यांनी फोर्ट शाफ्टर येथील माहितीकेंद्रास टेलिफोन केला. तेथील बहुतेक मंडळी ७ वाजताच उठून गेली होती. लेफ्टनंट कर्मिट टायलर यांची त्या कामावरील ही दुसरीच पाळी. कॅलिफोर्नियाहून आपली बी-१७ विमाने यावयाची आहेत, अशी त्यांची समजूत होती, आणि ती खोटी नव्हती. ती विमाने खरोखरच त्या सकाळी आली. काळजीचे कारण नाही, असे त्यांनी कळविले. खुणेवरून विमाने पन्नासांहून अधिक असावीत, हा अंदाज टेलिफोनवर सांगावयाचा राहिला होता.

ब्रिटनमध्ये १९४० साली रडारकेंद्रांच्या वार्ता एका कक्षात पडताळून लढाऊ विमानांपर्यंत मिनिटांत पोहोचत. ओआहूवर यंत्र होते, ही साखळी नव्हती. चौकशीनंतर टायलर यांच्यावर कारवाई झाली नाही, हे उचितच होय.

सुमारे ७.४० वाजता त्या खुणा डोंगरांच्या प्रतिध्वनीत लोपल्या. ७.५५ वाजता पर्ल हार्बरवर बॉम्ब पडू लागले. त्या दिवशी २,४०३ अमेरिकन मृत्युमुखी पडले. हल्ला करून उत्तरेकडे परतणाऱ्या विमानांचा मागही ओपाना येथे नोंदला गेला. जपानी आरमाराचा शोध मात्र त्या दिवशी मुख्यतः दक्षिणेस चालला होता.