अपिलाची परवानगी : वाटूरकडील जुन्या निवाड्यांच्या निमित्तानें

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांतील वाटूर हें गांव निजामाच्या हैदराबाद संस्थानांतील मराठी मुलखांत मोडत होतें. ह्या मुलखांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत शेताबांधाचे व वांटणीचे निवाडे असतात. ते चाळतांना सहज प्रश्न येतो कीं, हरलेला पक्ष वरच्या न्यायासनाकडे कां गेला नाहीं? दारिद्र्य किंवा कंटाळा हें उत्तर दरवेळीं खरें नसतें. पुष्कळदां तें कायद्यांत, त्यांतही तारखांत सांपडतें.

हरलेल्यानें वर दाद मागावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. कुल, श्रेणि, पूग व राजानें नेमलेले अधिकारी हे उत्तरोत्तर श्रेष्ठ, असा क्रम याज्ञवल्क्यानें लावला आहे. खालीं झालेला निर्णय वर तपासतां येतो, वरचा खालीं नाहीं, असा त्याचा अर्थ मिताक्षरेंत केलेला आहे. मात्र न्यायानें हरूनही जो आपण हरलों नाहीं असें म्हणत पुन्हां येतो, त्याला पुन्हां हरवून दुप्पट दंड करावा, असेंही स्मृतिकार सांगतो. द्वार उघडें, पण उंबरठा उंच, हें धोरण तेव्हांपासूनचें आहे.

आजचा उंबरठा दंडाचा नसून परवानगीचा आहे. जिल्हा न्यायालयानें अपिलांत दिलेल्या निवाड्यावर उच्च न्यायालयांत दुसरें अपील करावयाचें, तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. १९७६ च्या दुरुस्तीनें ही अट कडक झाली. तेथून सर्वोच्च न्यायालयांत जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, उच्च न्यायालयाचा दाखला. दुसरा, राज्यघटनेच्या १३६ व्या कलमाखालीं सर्वोच्च न्यायालयाचीच खास परवानगी. परवानगी मिळणें म्हणजे दावा जिंकणें नव्हे. प्रकरण ऐकण्याजोगें आहे, एवढेंच तीमुळें ठरतें.

आतां तारखांकडे वळूं. संस्थानांत हायकोर्टावर ज्युडिशियल कमिटी होती. २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अमलांत येतांच तिचें काम संपलें व तिच्यापुढें पडून असलेलीं अपिलें ३७४ व्या कलमान्वयें सर्वोच्च न्यायालयाकडे गेलीं. पण ज्यांचें प्रकरण त्या दिवसाआधींच हायकोर्टांत निकालांत निघालें होतें व वर अपील पडून नव्हतें, त्यांचें काय? जनार्दन रेड्डी ह्यांच्या खटल्यांत हा प्रश्न आला. खटला फौजदारी होता व आरोपींना फांशीची शिक्षा झालेली होती. हायकोर्टाचे निर्णय डिसेंबर १९४९ मधील असल्यामुळें १३६ वें कलम त्यांना लागू होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९५० सालीं ठरविलें. थोड्या आठवड्यांच्या अंतरानें दार बंद झालें. येथें महत्त्व निवाड्याच्या दिवसाला आलें.

उलट उदाहरण मद्रास इलाख्यांतील गरिकपाटी वीरय्या ह्यांच्या दिवाणी दाव्याचें. हा दावा एप्रिल १९४९ मधील, किंमत ११,४०० रुपये. तेव्हां फेडरल कोर्टाकडे अपिलास १०,००० रुपयांची मर्यादा पुरत असे. राज्यघटनेनें ती २०,००० केली. १९५५ सालीं उच्च न्यायालयांत निकाल विरुद्ध गेल्यावर मागितलेला दाखला ह्याच कारणानें नाकारला गेला. परंतु अपिलाचा हक्क दावा दाखल झाला त्या दिवशींच पक्षकाराला प्राप्त होतो, नंतरचा कायदा तो स्पष्टपणें काढून घेत नाहीं तोंवर टिकतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं बहुमतानें ठरवून खास परवानगी दिली. येथें महत्त्व दाव्याच्या दिवसाला आलें.

म्हणून वाटूरकडील निवाडा हातीं येतांच संशोधकानें तीन गोष्टी टिपाव्या : दावा कधीं लागला, शेवटचा निवाडा कधीं झाला व तो कोणत्या न्यायासनाचा. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंतचा वरचा कागद हैदराबाद हायकोर्टाचा असेल, पुढला मुंबईचा, व १९८१ पासून औरंगाबाद येथील खंडपीठाचा. ज्यांचा वाद आजही जिवंत आहे, त्यांनीं मुदत विसरूं नये. उच्च न्यायालयाच्या निर्णयापासून ९० दिवसांत, आणि दाखला नाकारला गेला असल्यास त्या नकारापासून ६० दिवसांत, खास परवानगीचा अर्ज करावा लागतो. उशीर क्षम्य ठरूं शकतो, पण त्याचें सबळ कारण दाखवावें लागतें. बांधावरचा हक्क कितीही खरा असो, कागदावरचा दिवस चुकला तर तो ऐकावयास कोणी उरत नाहीं.