रेषेचा कित्ता

‘साधी सरळ रेघसुद्धा ओढता येत नाही,’ असे सुशिक्षित माणूस जितक्या सहजपणे, किंबहुना काहीशा कौतुकाने सांगतो, तितक्या सहजपणे ‘मला लिहिता येत नाही’ असे तो कधीही सांगणार नाही. निरक्षरतेची लाज वाटते. रेषेच्या अज्ञानाची वाटत नाही. लेखन ही शिकण्याची गोष्ट आणि चित्र ही उपजत देणगी, अशी वाटणी समाजाने करून टाकली आहे. या वाटणीमुळे काही थोड्यांना अकारण मोठेपण मिळाले असेल. पण असंख्य प्रौढ माणसांच्या हातातील पेन्सिल तिने कायमची काढून घेतली, हा तिचा खरा अपराध आहे.

महाराष्ट्रात तर ही स्थिती विशेष विसंगत वाटते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची परंपरा येथे जुनी आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे शब्द लहान गावांतल्या शाळांनाही परिचित आहेत. पण प्रमाणपत्र हाती पडले आणि त्याचे वाढीव गुण दहावीच्या निकालात जमा झाले, की बहुतेकांची पेन्सिल थांबते. ज्यांनी परीक्षाच दिली नाही त्यांनी तर बाराव्या-तेराव्या वर्षीच स्वतःविषयीचा निकाल लावून टाकलेला असतो. पुढे पस्तिशीत किंवा पन्नाशीत एखाद्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्या मनात चित्र काढण्याची इच्छा पुन्हा जागी झाली, तर ‘आता या वयात?’ हा प्रश्न आधी पुढे येतो. तो दुसऱ्या कोणी विचारावा लागत नाही; ज्याचा तोच विचारतो.

या प्रश्नाचे ठळक उत्तर, ज्याच्या नावाभोवती दैवी प्रतिभेचे वलय सर्वांत दाट आहे अशा एका चित्रकाराच्या चरित्रातच सापडते. व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने चित्रकार होण्याचा निश्चय केला तो १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्यापूर्वी चित्रविक्रीच्या पेढीतील नोकरी, शिक्षकी, पुस्तकांच्या दुकानातील काम आणि बेल्जियमच्या कोळसा खाणींच्या मुलखातील धर्मप्रचार, असे सगळे करून तो रिकाम्या हातांनी उभा होता. अधूनमधून काढलेली रेखाटने त्याच्यापाशी होती, शिक्षण नव्हते. मग त्याने काय केले? पॅरिसच्या गूपील या प्रकाशन पेढीने शार्ल बार्ग याच्याकडून तयार करून घेतलेली रेखाटनाची पाठमाला त्याने मिळवली आणि तिच्यातील कोळशाच्या रेखाटनांचे साठ नमुने एकामागून एक उतरवून काढले. मराठीत याला ‘कित्ता गिरवणे’ म्हणतात. पुढे १८८२ साली हेग येथे, दूरच्या आणि जवळच्या वस्तूंचे प्रमाण साधत नाही म्हणून, त्याने दोरे ताणलेली एक चौकट लोहार-सुताराकडून करवून घेतली आणि तिच्यातून तो समुद्रकिनारा व शेते न्याहाळू लागला. याहून बोलका प्रसंग त्याच्या अखेरच्या दिवसांतला आहे. १८९० च्या जूनमध्ये, मृत्यूला दोन महिनेही उरले नसताना, ते साठ नमुने पुन्हा एकदा पहिल्यापासून उतरवण्याची इच्छा त्याने भावाला पत्राने कळवली होती. तोवर त्याची जगप्रसिद्ध चित्रे बहुतेक काढून झाली होती. कित्ता हा केवळ नवशिक्याचा असतो, असे त्याला तेव्हाही वाटले नाही.

व्हॅन गॉगचे उदाहरण असामान्याचे आहे आणि सामान्यांना त्याचा काय उपयोग, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर जॉन रस्किन याच्या कार्यात मिळते. लंडनमध्ये १८५४ साली कामगारांसाठी एक महाविद्यालय निघाले. तेथे दिवसभराच्या श्रमानंतर येणाऱ्या सुतारांना आणि कारागिरांना रस्किन रेखाटन शिकवीत असे. सुताराला चित्रकार बनवणे हा आपला हेतू नसून, सुतार म्हणूनच तो अधिक सुखी व्हावा हा आहे, अशा आशयाचे निवेदन त्याने एका सरकारी आयोगापुढे केले होते. ज्या १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली, त्याच वर्षी नवशिक्यांसाठी त्याचे रेखाटनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. भारतीय कलेविषयी रस्किनची मते पूर्वग्रहदूषित होती आणि ती टाकूनच द्यावीत. पण शिक्षक म्हणून त्याने मांडलेला एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुळीच रेखाटता येणार नाही असा माणूस आपल्याला अद्याप भेटलेला नाही, असे सांगून तो म्हणतो, की दीडशे तासांचा सराव केल्यास मनुष्याला हवी ती वस्तू प्रामाणिकपणे कागदावर उतरवण्याइतके सामर्थ्य येते. हे तास ज्याने त्याने आपल्या सोयीने वाटून घ्यावेत. आणि पहिला पाठ कोणता? एक लहान चौकोन आखून तो लेखणीच्या बारीक रेषांनी असा भरावा, की सर्वत्र सारखीच छटा दिसेल. त्यानंतर काही पाठांनी एक साधा गोल दगड समोर ठेवावा आणि तो काढावा. प्रतिभेचा येथे कोठेच संबंध येत नाही. संबंध येतो तो चिकाटीचा आणि लक्ष देण्याचा.

प्रौढ माणसाची अडचण हाताची नसते. जो हात वळणदार सही करतो, सुईत दोरा ओवतो किंवा रांगोळीचे ठिपके अचूक जोडतो, त्याला रेघ जड नाही. अडचण नजरेची असते. अधिक नेमकेपणाने सांगायचे तर, डोळ्यांच्या आड येणाऱ्या ज्ञानाची असते. टेबलावरील पेल्याचे तोंड गोल आहे हे ठाऊक असल्यामुळे नवशिका ते गोल काढतो. प्रत्यक्षात त्याला दिसत असते ते चपटे लंबवर्तुळ. पेला सपाट पृष्ठभागावर उभा आहे हे ठाऊक असल्यामुळे तो त्याचा तळ सरळ रेषेने काढतो. दिसत असते ती वक्र रेषा. डोळे चेहऱ्याच्या वरच्या भागात असतात या समजुतीने तो ते कपाळाजवळ नेऊन ठेवतो. मोजून पाहिले तर ते डोक्याच्या जवळजवळ मध्यावर असतात. थोडक्यात, तो वस्तू काढीत नाही, वस्तूचे नाव काढतो. रेखाटनाचा अभ्यास म्हणजे हे नाव विसरण्याचा अभ्यास होय. हात लांब करून, एक डोळा मिटून पेन्सिलीने माप घेणे, खुर्चीच्या पायांऐवजी पायांमधील मोकळ्या जागेचा आकार काढणे, नमुना उलटा ठेवून उतरवणे, या साऱ्या युक्त्यांचा हेतू हाच आहे. उलट्या नमुन्याची युक्ती बेटी एडवर्ड्स या अमेरिकन शिक्षिकेच्या १९७९ सालच्या पुस्तकामुळे जगभर पसरली. मेंदूच्या उजव्या-डाव्या भागांविषयी त्या पुस्तकात केलेली ढोबळ विभागणी मेंदुविज्ञानाने पुढे मान्य केली नाही. पाठ मात्र उपयुक्त ठरले.

या साधनेला खर्च जवळजवळ नाही. एक एचबी आणि एक टूबी पेन्सिल, एका बाजूने कोरे असलेले कागद आणि रोजची ठरलेली वेळ एवढे पुरे होते. खोडरबर जितके कमी वापरावे तितके बरे, कारण चुकलेली रेषा शेजारी राहिली तरच बरोबर रेषेला तिचा आधार मिळतो. प्रत्येक कागदावर तारीख घालावी, म्हणजे प्रगतीचा पुरावा आपोआप जमा होतो. अर्धा तास दररोज दिला तर रस्किनचे दीडशे तास ३०० दिवसांत, म्हणजे वर्षाच्या आतच, पुरे होतात. रविवारी चार तास बसून उरलेला आठवडा मोकळा सोडण्यापेक्षा हा मार्ग अधिक फलदायी असतो. संगीतातील रियाजाविषयी हे कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. चित्राच्या बाबतीत मात्र मुद्दाम सांगावे लागते.

तथापि केवळ तास मोजून भागत नाही. काढलेले चित्र वस्तूशेजारी धरून, कोठे आणि किती चुकले हे स्वतःशी नेमके बोलणे हा सरावाचाच भाग आहे. याच टप्प्यावर एक खडतर काळ येतो. दोन-तीन महिन्यांनंतर नजर हाताच्या पुढे जाते. कालपर्यंत न दिसणाऱ्या चुका दिसू लागतात, आणि आपण मागे पडलो असे वाटू लागते. वस्तुतः ती प्रगतीची खूण असते. पण प्रौढ माणूस आपापल्या व्यवसायात निष्णात असतो. पुन्हा नवशिक्या होण्याचा संकोच त्याला येथेच गाठतो, आणि बहुतेक वह्या येथेच बंद होतात. मुलाला वाईट चित्र काढण्याची परवानगी असते. प्रौढाने ती स्वतःला द्यावी लागते.

सर्वांची वाट एकच असते असेही नाही. रवींद्रनाथ ठाकूर यांनी तरुणपणी चित्रकलेचा नाद करून सोडून दिला होता. पुढे हस्तलिखितांतील खोडलेल्या ओळी जोडता जोडता त्यांतून आकार उमटू लागले आणि साठी ओलांडल्यावर ते चित्रांकडे वळले. १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. त्यांच्या चित्रांची संख्या २,००० हून अधिक आहे. त्यांनी पाठमाला गिरवली नाही; पण एवढी संख्या लहरीतून निपजत नाही, नित्य बैठकीतूनच निपजते.

‘पण याचा उपयोग काय?’ हा शेवटचा प्रश्न. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असलेल्या काळात तो स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की कॅमेरा वस्तू टिपतो आणि माणसाला पाहण्यापासून मोकळे करतो. पेन्सिल त्याला पाहायला लावते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, नुसत्या लिहून काढलेल्या शब्दांपेक्षा चित्र काढून दाखवलेले शब्द अधिक लक्षात राहतात, असे आढळले. आणि त्यासाठी चित्र चांगले असण्याची गरज नव्हती. जो शिक्षक फळ्यावर बेडकाचे हृदय किंवा नदीचे खोरे स्वतःच्या हाताने काढू शकतो, त्याच्या वर्गाला हे संशोधन सांगावे लागणार नाही. दिवसभर कागदपत्रांवरून धावणाऱ्या कारकुनाच्या नजरेला अर्धा तास एकाच पानावर, एकाच तांब्यावर स्थिर होण्याची संधी मिळणे, हाही लाभ थोडा नव्हे.

गावोगावच्या शाळांत चित्रकलेचे वर्ग आहेत, आणि संध्याकाळी ते कुलूपबंद असतात. सार्वजनिक वाचनालयांत टेबले आहेत, दिवे आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी ही दारे प्रौढांसाठी उघडली, तर लंडनच्या सुतारांना १८५४ साली जे मिळाले ते येथील शिक्षकांना आणि कारकुनांना मिळण्यास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. तोवर कोणी थांबण्याचेही कारण नाही. दीडशे तासांतील पहिल्या अर्ध्या तासासाठी गुरू लागत नाही, शाळा लागत नाही आणि प्रतिभा तर मुळीच लागत नाही. समोर एक दगड असला म्हणजे पुरे.