काजाएवढे छिद्र आणि चेहऱ्याची किल्ली

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या माणसाने मोबाईल फोनवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आज उधारीचा हिशेब, गिऱ्हाइकांचे पत्ते, मालाचे नमुने, बँकेचे निरोप आणि पैसे घेण्या-देण्याचे साधन हे सारे एका फोनात येऊन बसले आहे. पूर्वी तिजोरी पेढीवर असे आणि किल्ली आमच्या कमरेला. आता तिजोरी खिशात आली आणि किल्ली म्हणून आपण आपला चेहरा देऊन टाकला. ही किल्ली कितपत पक्की आहे हे पाहणे धंद्याचेच काम आहे.

निमित्त असे घडले. ईदच्या हंगामात आमच्या पेढीवरील दिवाणजी नवा फोन घेऊन आले. फोन स्वस्तातला, पण "चेहरा दाखवा, कुलूप उघडा" असे सांगून दुकानदाराने तो विकला होता. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना पेढीवरच्या एका पोराने थट्टेने दिवाणजींचा एका लग्नातला फोटो स्वतःच्या फोनवर मोठा केला आणि त्या नव्या फोनसमोर धरला. फोन उघडला! पोरे हसली. दिवाणजी हसले नाहीत आणि आम्हीही नाही. त्या फोनात आमच्या सर्व गिऱ्हाइकांची बाकी लिहिलेली होती. कोणाची किती उधारी थकली आहे, कोणाला कोणत्या भावाने माल दिला आहे, ही लोकांनी आमच्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती एका लग्नाच्या फोटोने उघडावी?

त्या दिवसापासून आम्ही या विषयाची चौकशी सुरू केली. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

छिद्र आले कोठून?

आज कोणताही फोन हातात घ्या, पडद्याच्या वरच्या भागात काजाएवढे एक गोल छिद्र दिसते. त्यात समोरचा कॅमेरा असतो. पूर्वी असे नव्हते. पडद्याच्या वर आणि खाली रुंद काळी पट्टी असे, कॅमेरा तिच्यात सुखाने बसे. पुढे कंपन्यांना वाटू लागले की फोनचे सारे तोंड पडदाच असावे. कापडवाल्याच्या भाषेत सांगायचे तर किनार काढून पन्हा वाढवायचा. २०१६ साली शाओमी कंपनीने मी मिक्स नावाचा फोन काढला, त्याची तीन बाजूंची किनार जवळजवळ नाहीशी केली आणि समोरचा कॅमेरा खाली हनुवटीवर नेला. स्वतःचा फोटो काढायचा तर फोन उलटा धरावा लागे. ही तऱ्हा फार चालली नाही.

२०१७ च्या नोव्हेंबरात ॲपलचा आयफोन टेन बाजारात आला. त्याच्या पडद्याला वरून शर्टाच्या गळ्यासारखी रुंद खाच पाडलेली होती. लोकांनी टिंगल केली. पण त्या गळ्यात काय भरले होते ते समजून घेतले पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ तेथे आहे. साध्या कॅमेऱ्याशिवाय त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा एक दिवा होता, त्याच प्रकाशाचा एक कॅमेरा होता, आणि चेहऱ्यावर तीस हजारांहून अधिक अदृश्य ठिपके टाकणारे एक यंत्र होते. हे ठिपके नाकावर एका अंतराने पडतात, गालावर दुसऱ्या, डोळ्यांच्या खोबणीत तिसऱ्या. त्यावरून फोन चेहऱ्याचे चढउतार मोजतो. कागदावरच्या फोटोला चढउतार नसतात, म्हणून फोटो दाखवून हे कुलूप उघडत नाही. प्रकाश फोनचा स्वतःचा असल्याने अंधारातही ते चालते. ॲपल कंपनीच्या सांगण्याप्रमाणे परक्या माणसाच्या चेहऱ्याने चुकून कुलूप उघडण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. तिच्याच जुन्या बोटाच्या ठशाच्या कुलुपात ती पन्नास हजारांत एक होती. जुळी भावंडे, एकमेकांसारखे दिसणारे सख्खे भाऊ-बहीण आणि तेरा वर्षांखालील मुले यांच्याबाबत हा हिशेब लागू पडत नाही, हेही कंपनीनेच सांगितले आहे. त्याच महिन्यात व्हिएतनामच्या बीकेएव्ही या कंपनीने खास मुखवटा बनवून असा फोन उघडून दाखविल्याचा दावा केला. मात्र असा मुखवटा बनविणे हे पेढीवरच्या पोराचे काम नव्हे.

पुढच्या साली, २०१८ मध्ये, खाचेची फॅशन सर्वत्र पसरली. आमच्या धंद्यात एखाद्या सिनेमातील साडीची नक्कल महिन्याभरात गल्लोगल्ली निघते, तसेच झाले. गळा तेवढाच रुंद शिवला, पण बहुतेकांच्या आत साधा कॅमेरा आणि कानाशी लावायचा स्पीकर यापलीकडे काही नव्हते. हुवावेचा मेट ट्वेंटी प्रो, शाओमीच्या मी एटचा एक खास नमुना असे थोडेच फोन सोडले तर खोली मोजण्याचे यंत्र कोणी घातले नाही. ते महाग पडते आणि जागाही खाते. मग कंपन्यांनीच विचार केला की आत एकच कॅमेरा असेल तर एवढा गळा कशाला? खाच थेंबाएवढी झाली, आणि २०१८ च्या डिसेंबरात सॅमसंगने गॅलेक्सी ए एट एस या फोनात पडद्याला सरळ भोक पाडले. २०१९ साली गॅलेक्सी एस टेनमध्ये तेच आले आणि मग ते सर्वांचे झाले.

मधल्या काळात कॅमेरा फोनच्या डोक्यातून मोटरीने वर येण्याचीही एक तऱ्हा निघाली होती. विवो नेक्स, वनप्लस सेव्हन प्रो, रेडमी के ट्वेंटी हे त्यातले. पडदा अखंड राही, दिसायला फार सुंदर. पण हलणारा भाग म्हटला की धूळ आली, झीज आली. ज्याने लूमच्या खात्यात एक दिवस काढला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. ते फोन दोन-तीन वर्षांत मागे पडले.

कॅमेरा पडद्याखालीच लपविण्याचा प्रयत्नही झाला. २०२० साली झेडटीई कंपनीने तसा फोन विक्रीस आणला आणि २०२१ साली सॅमसंगने आपल्या घडीच्या फोनात तो वापरला. पडद्यातून गाळून येणारा प्रकाश अपुरा, फोटो धुरकट. अखेर २०२५ च्या घडीच्या फोनात सॅमसंग पुन्हा उघड्या छिद्राकडे वळली. ॲपलने २०२२ साली महाग मॉडेलांत खाच काढून लांबट गोळीच्या आकाराचे काप केले, पण आतील अवरक्त यंत्रे सोडली नाहीत. म्हणून त्यांचे काप अजूनही काजापेक्षा मोठे आहे.

लहान छिद्राची किंमत

आता मुद्दा ध्यानात येईल. छिद्र जेवढे लहान, तेवढी आत साधने कमी. एका साध्या कॅमेऱ्याला चेहरा दिसतो तो चित्रासारखा, सपाट. समोर माणूस आहे की माणसाचा फोटो, हे त्याला केवळ हुशारीने ताडावे लागते. २०१९ च्या जानेवारीत नेदरलँड्सच्या ग्राहक संघटनेने ११० फोन तपासले, त्यांपैकी ४२ फोन मालकाचा फोटो दाखवून उघडले. २०२३ साली ब्रिटनच्या 'विच' या ग्राहक संस्थेने ४८ नवे फोन तपासले आणि त्यांतले १९ कागदावर छापलेल्या फोटोपुढे हार गेले. आमच्या दिवाणजींचा फोन काही एकटा नव्हता!

ही गोष्ट कंपन्यांना ठाऊक नाही असे नाही. चेहऱ्याची सोय चालू करताना पडद्यावर बारीक अक्षरांत सूचना येते की हे कुलूप पिनपेक्षा कमी सुरक्षित आहे, तुमच्यासारखा दिसणारा माणूस फोन उघडू शकेल. आपण ती न वाचता "ठीक आहे" दाबतो. दिवाणजींनीही तेच केले होते.

अँड्रॉइड ही व्यवस्था बनविणाऱ्या गुगलने शरीरावरून ओळख पटविण्याचे तीन वर्ग पाडले आहेत. सर्वांत पक्क्या वर्गात फसवणुकीचे प्रयत्न शंभरांत सातांपेक्षा अधिक यशस्वी होता कामा नयेत. सर्वांत कच्च्या वर्गात वीसांहून अधिक झाले तरी चालते, मात्र त्याच्याकडून फक्त पडद्याचे कुलूप उघडता येते. बँकेच्या ॲपला तो चेहरा चालत नाही. यातून सामान्य माणसाला एक सोपी कसोटी मिळते. आपल्या फोनातील बँकेचे ॲप आत शिरताना बोट मागते आणि चेहरा मागत नाही, असे असेल तर तो चेहरा बहुधा कच्च्या वर्गातला समजावा. साध्या कॅमेऱ्याने पक्का वर्ग मुळीच गाठता येत नाही असेही नाही. गुगलच्या पिक्सेल एट फोनाने २०२३ साली एकाच कॅमेऱ्यावर तो गाठला. मात्र तेथे अवरक्त दिवा नसल्याने अंधारात तो अडतो. याच कंपनीच्या २०१९ च्या पिक्सेल फोरमध्ये अवरक्त यंत्रे होती, पण झोपलेल्या माणसाच्या मिटल्या डोळ्यांसमोरही तो उघडे. ही चूक पुढच्या वर्षी दुरुस्त झाली.

मग बोटच बरे असे कोणी म्हणेल. येथे आमच्या कारागीर बांधवांचा प्रश्न येतो. सुताची गाठ मारून, रंगाच्या हौदात हात घालून, चुन्या-सिमेंटात काम करून ज्यांच्या बोटांच्या रेषाच पुसल्या आहेत, त्यांचा अंगठा रेशनच्या दुकानातही उठत नाही. घामाचा हात असला तर पडद्याखालचा ठसा वाचला जात नाही. अशा माणसाला चेहऱ्याचे कुलूप ही खरी सोय आहे, तिला नाके मुरडू नयेत. उलट आमच्या ज्या भगिनी नकाब घालून दुकानात, दवाखान्यात किंवा शाळेत कामाला जातात, त्यांना बोटाचे कुलूपच सोयीचे. महासाथीच्या काळात तोंडावर पट्टी आली तेव्हा साऱ्या जगाला ही अडचण कळली, आणि २०२२ साली ॲपलने आयफोन बारापासूनच्या फोनांत केवळ डोळ्यांभोवतीच्या भागावरून ओळखण्याची सोय दिली. दाढीचे म्हणाल तर ती हळूहळू वाढत असेल तर आयफोन सांभाळून घेतो. एकदम पूर्ण दाढी काढली तर एकवार पिन मागतो आणि नवा चेहरा लक्षात ठेवतो. बोटाच्या कुलुपातही दोष निघाले आहेत. २०१९ च्या ऑक्टोबरात गॅलेक्सी एस टेनवर विशिष्ट सिलिकॉनचे आवरण लावले की कोणाच्याही बोटाने फोन उघडतो असे उघडकीस आले आणि सॅमसंगला सुधारणा पाठवावी लागली.

आमच्या मते चेहऱ्याची खरी अडचण दुसरीच आहे. पिन चोरीस गेला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. शिवाय तो आपण चारचौघांत उघडा घेऊन फिरतो, लग्नात फोटो काढून घेतो आणि व्हॉट्सॲपवर स्वतःच लावतो.

दुरुस्तीवाल्यांसाठी दोन शब्द

आमच्या वाचकांत मोबाईल दुरुस्त करणारे पुष्कळ तरुण आहेत. त्यांच्या रोजीशी या छिद्राचा थेट संबंध आहे. आयफोन टेनमध्ये कानाजवळच्या स्पीकरची पट्टी आणि अवरक्त दिवा एकाच भागात असून तो पडद्याच्या मागे चिकटलेला असतो. पडदा बदलताना तो भाग काढून नव्यावर चढवावा लागतो, आणि तो त्या फोनच्या बोर्डाशी जोडलेला असल्याने दुसऱ्या फोनचा लावून भागत नाही. घाईत ती पट्टी फाटली की पडदा उजळतो, चेहऱ्याचे कुलूप मात्र गेले. २०२१ साली आयफोन तेरा आला तेव्हा तर बाहेरच्या कारागिराने नुसता पडदा बदलला तरी चेहऱ्याचे कुलूप बंद पडे. जगभरच्या दुरुस्तीवाल्यांनी ओरड केली आणि त्याच डिसेंबरात कंपनीने ती अट सैल केली. काम हाती घेण्यापूर्वी गिऱ्हाइकासमोर चेहऱ्याचे कुलूप चालवून पाहावे आणि पावतीवर तसे लिहावे. नंतरचा वाद वाचतो. साध्या छिद्राच्या फोनात हा ताप नाही. तेथे कॅमेरा वेगळा असतो. काच बसविताना छिद्रावर धूळ किंवा गोंद राहिला नाही एवढे पाहिले म्हणजे झाले.

पैशांचे काय, हा प्रश्न दिवाणजींनी पहिल्याच दिवशी विचारला होता. नुसता फोन उघडला म्हणून यूपीआयने मोठी रक्कम जात नाही, तिचा पिन वेगळा असतो. परंतु यूपीआय लाइटवर हजार रुपयांपर्यंतची रक्कम पिनशिवाय जाते, आणि बँकेचा ओटीपी त्याच उघड्या फोनावर येऊन पडतो. २०२५ च्या ऑक्टोबरात यूपीआय पिनऐवजी फोनवरील बोट किंवा चेहरा वापरण्याची सोयही जाहीर झाली. ती चालू करण्यापूर्वी आपला चेहरा कोणत्या वर्गातला आहे हे पाहावे.

आमच्या पेढीवर आम्ही असे केले. दिवाणजींच्या फोनातून चेहरा काढून टाकला, सहा आकडी पिन घातला आणि बोट नोंदविले. हिशेबाच्या ॲपला निराळे कुलूप लावले. कुलूपबंद पडद्यावर निरोपाचा मजकूर दिसणे बंद केले. आमचे रंगारी चाचा मात्र चेहऱ्यावरच आहेत, त्यांचे बोट कोणताच फोन ओळखत नाही. त्यांच्या फोनात हिशेब ठेवायचा नाही असे ठरले. पोराने दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच लग्नाचा फोटो दिवाणजींच्या फोनसमोर धरून पाहिला. दिवाणजींनी फोन उचलून गल्ल्यात ठेवला आणि म्हणाले, "जा बेटा, चहा सांग."