इराण्याच्या टेबलावर

मंडळी, मुंबईला गेलात म्हणजे राणीची बाग पाहता, गेट वे पाहता, आणि भूक लागली की स्टेशनाबाहेर वडापाव खाऊन परतीची गाडी धरता. पुढच्या खेपेला अर्धा तास राखून ठेवा नि एखाद्या इराण्याच्या हॉटेलात शिरा.

ते ओळखायचे कसे? बहुधा ते रस्त्याच्या कोपऱ्यावर असते. आपले व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. आत संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि गल्ल्याशेजारी बिस्किटांच्या बरण्या.

आता तुम्ही म्हणाल, इराणी म्हणजे पारशीच ना? तसे नव्हे. पारशी हजारएक वर्षांपूर्वी गुजरातेत उतरले. हे बहुतेक त्यांचेच धर्मबंधू, पण आले फार मागाहून. 1870-72 च्या दुष्काळाने इराण पोळून निघाला; त्यात अल्पसंख्य जरथुष्ट्री लोकांना तिकडे जाचही होता. यझ्द नि केरमान या कोरड्या मुलखांतून मग माणसे मुंबईची वाट धरू लागली.

त्यांच्या चहाचेच बघा. इराणात चहा बिनदुधाचा पितात; मुंबईत त्यात सढळ हाताने दूध पडले. सोबतचा पाव पोर्तुगिजांमुळे गोव्यात रुजला; तिथल्या भटारखान्यांत पीठ आंबवायला माडी घालीत.

बॅलार्ड इस्टेटमधले 'ब्रिटानिया' 1923 चे. तिथला बेरी पुलाव प्रसिद्ध आहे. त्यातली तांबडी, आंबट फळे म्हणजे इराणातले झेरेश्क. आपल्या वैद्यांच्या दारुहळदीच्या कुळातले झुडूप ते! इराणी पुलाव सौम्य, केशराच्या वासाचा. इथे पारशी मसाल्याने त्याला तिखटपणा आला. खरे सांगायचे तर मला हा इथलाच बरा वाटतो.

पण चवीपेक्षा मोठी गोष्ट निराळीच. त्या काळी कित्येक उपाहारगृहांवर जातीची पाटी असे, खाणावळीही जातवार. इराण्याकडे सहसा गिऱ्हाइकाची जात कोणी विचारीत नसे; गिरणीकामगार, कारकून, विद्यार्थी शेजारी-शेजारी बसत. हॉटेलात जातीवरून मज्जाव करायचा नाही, हे राज्यघटनेच्या 15 व्या कलमाने 1950 साली ठरवले. गावाकडे कुठे कुठे निराळ्या कपबशा त्यानंतरही राहिल्या, हे तुम्हांआम्हांला ठाऊक आहे.

अशी हॉटेले आता थोडी उरली आहेत. मुले धंद्यात यायला राजी नाहीत, आणि कोपऱ्याच्या त्याच जागांना सोन्याचे मोल आले आहे.

गुरुजी, तुम्हाला तर मुंबईपर्यंतही जायला नको. एस. टी. स्टँडवरची मिसळ मागवा आणि मुलांना विचारा, यातले काय कुठले? मटकी इथलीच, मिरची नि बटाटा समुद्रापलीकडून, अमेरिका खंडातून आलेला. पावाचे तर आता तुम्हीच सांगाल.